घरमालकिणीचं मांजर

मी मालिका लिहितो. नटाने अचानक काम सोडलं, की त्याच्या पात्राला आम्ही मारत नाही, परदेशी पाठवतो.

दादा अपघातात गेला, तेव्हा आईचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसवणार नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. सांगून टाकलं, कंपनीने त्याला तातडीने परदेशी पाठवलंय.

तेव्हापासून दर रविवारी तिच्या उशाशी बसून मी दादाची पत्रं वाचतो. त्याला उतरत्या छपराची खोली दिली, खडूस घरमालकीण दिली, तिला तीन पायांचं मांजर दिलं. आई डोळे मिटून ऐकते. "काय रे, ती बाई अजून भांडते का त्याच्याशी?" म्हणून विचारतेही. आठ महिने झाले. लिहिताना आता मला काहीच वाटत नाही.

या रविवारी काही सुचेना, म्हणून मांजराला आजारी पाडलं. "दोन दिवस दूधसुद्धा पीत नाहीये, असं लिहितोय दादा," मी वाचलं.

आईने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.



"मांजराला तरी मारू नकोस रे."