चौथा खिळा

तीन खिळे बसले होते. चौथा यासोहाचीच्या ओठांत होता.

तो शिडीवर होता. खाली त्याचे गुरुजी, म्हातारे दोझान, दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. देवळाच्या ओसरीच्या भिंतीवर देवाला वाहिलेल्या गणिताच्या लाकडी पाट्या टांगलेल्या होत्या. आज त्यांच्या शेजारी गुरुजींची लागत होती. तिच्यावर काळ्या शाईत एकच आकडा होता, दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. त्याखाली एक ओळ: ‘एक आणि हा स्वतः सोडून याला कोणीही भागू शकत नाही.’ दोन हिवाळे गुरुजी त्याला एकेका संख्येने भागून बघत होते.

पायरीवर किल्ल्याच्या गावचे कुराहाशी मास्तर हिशेबाच्या मण्यांची चौकट मांडीवर घेऊन बसले होते. गुरुजींनी त्यांना चारचौघांत शब्द दिला होता. चौथा खिळा बसला, की खुशाल भागून बघा. आकडा भागला गेला तर मी माझी शाळा बंद करीन.

यासोहाचीने खिळा पाटीवर टेकवला, हातोडा उचलला. आकडा त्याच्या नाकासमोर होता. तो चटया विणणारा माणूस, चौरस मोजून मोजून वर्ग त्याला तोंडपाठ. बावीस हजार. अकरा दुणे बावीस. अकराचा वर्ग एकशे एकवीस. इथे एकशे सतरा.

हातोडा वरच राहिला.

“काय रे, खिळा ठोकतोयस की अंडं उबवतोयस?” कुराहाशींनी विचारलं. माणसं हसली.

यासोहाची खाली वाकला. “गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “यात चार मिळवले तर?”

“मिळवायचे कशाला?”

“मिळवून तर बघा.”

गुरुजींनी एक हात शिडीवरून काढला. त्यांची बोटं हवेत नसलेले मणी सरकवू लागली. शिडी डगमगली. यासोहाचीने वाशाला धरलं. बोटं पुढे गेली, मागे आली आणि थांबली.

“एक हजार अकराचा वर्ग,” गुरुजी पुटपुटले. “त्यात चार कमी. म्हणजे दोन मागे, दोन पुढे. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा.” “मी हजारापाशी थांबलो रे. हजार गुणिले हजार दहा लाख. वरचे बावीस हजार किरकोळ धरले.”

“का हो, खिळा वाकला का?” कुराहाशी उठून उभे राहिले होते.

गुरुजी त्यांच्याकडे वळले. “खिळा सरळ आहे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माझा आकडा भागला जातो. यासोहाचीने भागला.”

कोणी हसलं नाही. कुराहाशींची बोटं मण्यांवर तशीच राहिली; चौथा खिळा बसलाच नव्हता.

यासोहाची तिसरा खिळा उपटू लागला. गुरुजींनी दुसरा हातही पुन्हा शिडीवर ठेवला.

“सावकाश काढ,” ते म्हणाले. “शिडी मी धरली आहे.”