चाळिसावं काम

हिरवी खूण उमटली आणि फाल्गुनीने लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला.

एरवी सगळं ठीक असल्याची ही हिरवी खूण आली की ती लॅपटॉप मिटून खाली दुकानात जायची. आज खूण लालच यायला हवी होती. दुपारी तिच्या हातून एक ढोबळ चूक झाली होती. औषधदुकानांच्या ॲपमध्ये ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जेवणाआधी’ आलं तर पकडायचं, असा नियम तिला लिहायचा होता, आणि तिने तो नेमका उलटा लिहिला. चहा पिताना ते ध्यानात आलं, तोवर फाईल पुण्याच्या ऑफिसला गेली होती. पाच वाजता तिथलं मोठं मशीन अख्खं ॲप नव्याने बांधतं. चाळीस कामं, एकामागून एक. त्यातलं मजकूर तपासायचं काम फाल्गुनीच्या प्रोग्रामचं. उलट्या नियमामुळे बरोबर मजकूरही चूक ठरवून त्याने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. त्याने हूं की चूं केलं नाही.

तिने मशीनकडून कामांची यादी मागवली. मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली, पडद्याला बोट लावून. तिचं काम यादीत नव्हतंच.

तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते होतं. रोज चालत होतं, गुणी बाळासारखं. पुण्यात मात्र ते काढून टाकलेलं होतं, आणि कधी ते शोधायला फार वेळ लागला नाही. कोणी काय बदललं याची नोंद मशीन मिनिटासकट ठेवतं. चार महिन्यांपूर्वीचा मंगळवार. चार वाजून दहा मिनिटांनी, बांधणीचा वेळ वाचवायला म्हणून, वरच्या साहेबांनी काम काढलं. आणि चार एकवीसला आणखी एक नोंद. पूर्वी एखादं काम जागेवर नसलं की मशीन तिथेच अडून बसायचं, लाल ओळ यायची, सगळ्या कंपनीला मेल जायची. चार एकवीसला कोणीतरी त्यात एक अट घातली होती: आधी काम आहे का ते बघ. असेल तर चालव. नसेल तर गुपचूप पुढे जा.

अट घालणाऱ्याचं नाव होतं धीरज.

फाल्गुनी बसल्या जागी बसून राहिली. खाली शहाद्याचा बाजार भरात होता. तिचे वडील, लालचंदशेठ, गिऱ्हाइकापुढे साड्यांच्या घड्या मोडत होते. वर ती, लॅपटॉप आणि पंखा. चार महिन्यांत पुण्याहून तिला एकानेही काही विचारलं नव्हतं. मीटिंगमध्ये तिचं नावही निघालं नव्हतं. आपल्या कामात खोट निघत नाही म्हणून कोणी विचारत नाही, असं तिने स्वतःची समजूत घातली होती. मनातून थोडी फुगलीही होती. आणि रोज संध्याकाळी सगळ्यांना लिहीत होती, ‘मजकूर बरोबर आहे.’ नसलेल्या कामाचा दाखला. तिला रडू आलं नाही, लाज वाटली. आपण नसलो तरी काहीही अडत नाही, ही गोष्ट माणसाला इतकी स्पष्ट, तारीख-वेळेसकट कोणी दाखवू नये.

गप्प बसली असती तर पगार चालूच राहिला असता. कळवलं तर नोकरी जाणार, हे उघड होतं. शहाद्यात बसून करता येईल अशी दुसरी नोकरी काही वाटेवर पडलेली नव्हती. तरी तिने फोन लावला.

धीरज तिचा वरिष्ठ. मूळचा इकडच्याच विसरवाडीचा, आता पुण्यात. मीटिंगमध्ये दोघं ऑफिसची भाषा बोलत. तिसरं कोणी ऐकत नसलं की अहिराणी. ती भाषा फाल्गुनी दुकानाच्या गल्ल्यावर शिकली होती.

“धीरजभाऊ, मन्हं काम चार महिनापासून चालीच नही ऱ्हायनं.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“समजनं का तुले?” तो म्हणाला.

“म्हंजे तुमले माहीत व्हतं!” तिचा आवाज चढला. “काम काढं ते काढं. वरथून मशीननं तोंड काब्र बांधं? लाल ओळ उनी ऱ्हाती तर माले त्याच दिन समजतं.”

“सगळास्लेच समजतं,” धीरज म्हणाला. “कोनले ठेवानं, कोनले काढानं, त्यानी यादी तव्हय बनी ऱ्हायंती. ज्यानं काम सापडनं नही, त्यानं नाव यादीम्हा. ती मेल गयी ऱ्हाती, तर दुसरा दिन तुन्हं नाव लिखाई जातं. यादी काल बंद व्हयनी, आते तुन्हं नाव येवाव नही.”

“मंग माले तरी सांगानं व्हतं.”

“सांगं ऱ्हातं, तर तू रोज सांजले ‘मजकूर बरोबर शे’ आसं लिखती का?”

चार बोटं कापड कमी गेलं म्हणून गिऱ्हाइकाला स्टँडपर्यंत गाठणाऱ्या माणसाची फाल्गुनी मुलगी. तिने लिहिलं नसतं. पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगून मोकळी झाली असती.

राग ओसरला, पण आतला सल तसाच होता. तो तिने बोलून टाकला.

“चार महिना, भाऊ. मी शे का नही, एकनी बी पाह्यं नही.”

“नही पाह्यं,” धीरज म्हणाला. “मी पाहू दिधं नही.”