शेऱ्यातली बाई

आपले खापरपणजोबा शेतात काय पेरायचे, एवढं कळलं तरी पुष्कळ, असं म्हणत एक शिक्षिका दप्तरखान्यात आली. कारकुनाला माणसं मोजायची भारी हौस. "आज तुम्ही एकट्याच," म्हणत त्याने वहीत एकाचा आकडा टाकला आणि जुन्या जनगणनेची चार बाडं तिच्यापुढे ठेवली.

पहिल्याच बाडात खापरपणजोबा सापडले. धंदा शेती, पीक जवस, घरात माणसं पाच. कडेला मोजणीदाराचा शेरा होता : 'बांधावर एक बाई उभी. घरची नाही म्हणतात. मोजली नाही.'

तिला हसू आलं. असेल कुणी वाटसरू!

दहा वर्षांनंतरच्या बाडात अक्षर दुसऱ्याचं होतं. 'अंगणात बाई. गळ्यात दोरीला चष्मा. मोजली नाही.'

तिचा हात आपसूक गळ्यातल्या दोरीकडे गेला.

तिसऱ्या बाडात बाई उंबऱ्यावर होती. 'बोटाला पट्टी. मोजली नाही.' आज सकाळीच भाजी चिरताना तिचं बोट कापलं होतं.

शहाण्याने इथे उठावं. पण चौकस माणसाला तेवढा धीर कुठला! तिने चौथं बाड उघडलं.

'माणसं सहा. बाई आत येऊन बसली. घरचीच आहे म्हणते. या खेपेस मोजली.'

तेवढ्यात कारकून आला आणि तिच्यासमोरचं बाड त्याने उचललं.

"अहो, माझं वाचून व्हायचंय अजून," ती म्हणाली.

त्याने बाड मिटलं, वहीतला एकाचा आकडा खोडला आणि डोकं खाजवत पुटपुटला, "आज तर कुणी फिरकलंच नाही. मग ही बाडं काढली कुणी?"