करपलेली कड

डुकराच्या रक्ताच्या काळ्या चकत्या तव्यावर चरचरायला लागल्या तशी डर्व्हलाने खिडकी उघडली. तो वासच तिला सोसत नसे. पण आईला कालच मूठमाती दिली होती, आणि बॉस्टनहून आलेल्या भावाला, कोलमनला, घरचा नाश्ता हवा होता.

सॉसेज, बेकन, अंडी, चकत्या. तो नुसता तुटून पडला. बलक हनुवटीवर ओघळला, तो त्याने बाहीला पुसला. ताटलीतली चरबी पावाने निपटून घेतली. तिला बघवेना.

"आईच्या हाताची सर नाही हं याला," तोंडात घास तसाच ठेवून तो म्हणाला. "ख्रिसमसला यायचो तेव्हा तिच्या चकत्या कशा कडेने करपलेल्या असायच्या, कुरकुरीत! तुला नाही बाई जमलं."

डर्व्हलाने गॅस बंद केला.

"गेली सहा वर्षं मीच करत होते, कोलमन. 'मी केलंय म्हणून सांग त्याला,' असं आई पलंगावरून बजावायची. तू उठायचास अकराला. तोवर मी तिला इथे स्वयंपाकघरात खुर्चीत आणून बसवलेलं असायचं."

"मग ती करपलेली चव?"

"चकत्या तव्यावर टाकल्या की नेमकी तिची हाक यायची. तिची घाण काढून, तिला पुसून परत येईपर्यंत त्या करपायच्या." उरलेल्या चकत्या तिने त्याच्या ताटलीत लोटल्या. "आज कुणी हाक मारली नाही."