हिरवा चौकोन

"मला माझ्या आजीशेजारी ठेव," एवढंच मागून आई गेली आणि तिच्या रक्षेचा डबा मेरिएलच्या कपाटातच राहिला. आईची आजी दुसऱ्या बाळंतपणात वारली, बाळालाही तिच्या कुशीलगतच वेगळं पुरलं, हे मेरिएलने शोधून काढलं. पण कबर सापडेना. गवत कापायला सोपं जावं म्हणून गावाने थडग्यांचे दगड उपटून कधीच चर्चच्या भिंतीला टेकवले होते. यंदा इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये पावसाने दडी मारली. आवारातलं गवत करपलं; फक्त कधीकाळी कबरींसाठी खोल खणलेल्या, ओल धरणाऱ्या मातीवर हिरवे चौकोन तगून राहिले. पाऊस पडला की तेही बाकीच्या गवतात मिसळून जाणार होते. आज एका लांबट चौकोनाला बिलगलेला चिमुकला चौकोन दिसला आणि मेरिएल त्याच्याशेजारी जाऊन बसली. तेवढ्यात पाद्रीबाबा ओरडले, "उन्हात काय बसलात, मेरिएलबाई? पावसासाठी प्रार्थना आहे, अख्खं गाव आत खोळंबलंय!" मेरिएल रडता रडता हसली. "प्रार्थना उद्यावर ढकला, पाद्रीबाबा! आईला तिची आजी सापडलीय."