अंगणातला डाग

मेकॅनिक सकाळी गाडीखाली सरकला आणि खूश झाला. गिअरबॉक्सचं सील बदलून काल त्याने वर पावडर मारली होती. तेल झिरपलं की ती ओली होऊन चुगली करते. आज पावडर कोरडी ठणठणीत! तेवढ्यात गाडीवाल्याची आई आली. तिचा लेक वारल्यावर विकायची म्हणून जावयाने गाडी दुरुस्तीला टाकली होती. "मावशी, गळती थांबली बघा." "म्हणूनच आज अंगणात डाग नव्हता. लेक गेल्यावरही रोज सकाळी तेलाचा ताजा डाग असायचा. तो आल्याचं त्यावरूनच कळायचं." "अहो, गाडी आठवडाभर इथंच आहे. चाकंसुद्धा काढलीत!" "ठाऊक आहे. जुनं सील परत बसव, बाळा." म्हातारीचं डोकं फिरलं वाटतं! त्याने पावडर पुसायला हात लावताच चटका बसला. गाडी नुकतीच लांबून आल्यासारखा गिअरबॉक्स तापला होता. मेकॅनिक भंगारात जुनं सील शोधू लागला.