पावती चाळीस

“दहा रुपये घ्या, पण नाव नका लिहू,” गिरणीवाले म्हणाले. सकाळपासून हेच ऐकून, वॉर्डाच्या नगरसेवकाविरुद्ध निवडणुकीला उभ्या राहिलेल्या शैलाताई थकल्या होत्या. यंदा उमेदवाराने वॉर्डात जमवलेल्या वर्गणीइतकीच भर सरकार घालणार होतं. मात्र प्रत्येक पावतीवर देणाऱ्याचं नाव हवं होतं.

पावती अडतीस, नाव कोरं.

पावती एकोणचाळीस, नाव कोरं. “देणाऱ्यांची यादी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागणार. नगरसेवक बापूशेठांनी वाचली, की आमचा नळ बंद,” म्हणत त्या घरच्या बाईंनी चहा मात्र पाजला.

पावती चाळीस. रस्ता झाडणाऱ्या मालनबाईंनी कमरेची पिशवी सोडून दहाची नोट दिली. “माझं नाव लिवा, ताई. ठळक लिवा.”

“झाडलोटीचं कंत्राट बापूशेठांच्या भावाकडे आहे ना?”

“हाय की. काढतील कामावरनं, दुसरं काय.”

शैलाताईंनी ‘मा’ एवढंच लिहिलं आणि पेन थांबवलं. “राहू द्या, मालनबाई. ही पण कोरीच ठेवते.”



“म्हंजे तुमीबी त्यांना भेता,” मालनबाई म्हणाल्या. “मग माझे धा रुपये द्या परत.”